ठकी तयार होईपर्यंत

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी ही वही उघडलीच तर माफ करावं आणि अर्थ तेवढा घ्यावा. सिस्टरबद्दल बोलायला गेले की अर्धं राहूनच जातं, म्हणून लिहिते आहे.

सिस्टर साप हातात घ्यायच्या तेव्हा डोळे मिटायच्या. चार फुटांची मादी त्यांच्या बोटांवरून हळूहळू पुढे सरकायची आणि त्या खालून अंगठ्याने तिच्या पोटाचा अंदाज घ्यायच्या. तोंडाने काही बोलायच्या नाहीत. मग डोळे उघडून एकच शब्द, "आहे" किंवा "नाही". नाही म्हटलं की मादी जोडीला सोडायची नाही. पुन्हा विचारायचं नाही.

त्या कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात बाळंतपणं करणाऱ्या मिडवाइफ होत्या. रिटायर झाल्या तरी आमच्या भागातली सगळी मराठी मंडळी त्यांना सिस्टरच म्हणायची. पहिला साप त्यांच्या मुलाचा, समीरचा. तो नोकरीला ईलिंगला गेला आणि साप आईकडे राहिला. मी कामाला लागले तेव्हा मागच्या बेडरूममध्ये अकरा होते. सगळे रॉयल पायथन, म्हणजे छोटे अजगर, प्रत्येकाचा प्लॅस्टिकचा डबा, डब्याखाली ऊब द्यायला हीट मॅट. बिनविषारी, लाजाळू जात. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो. ते पाहिलं आणि माझी भीती अर्धी झाली. मला तरी दुसरं काय येत होतं?

मी मंगळवारी आणि शुक्रवारी साफसफाईला जायची. महिन्याभरात सिस्टरनी माझ्या हातात कार्डं दिली. प्रत्येक डब्यावर एक कार्ड, त्यावर वजन, खाणं आणि कात टाकल्याची तारीख. मी म्हटलं, मला इंग्लिश लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, "सापांना तरी कुठे वाचता येतं? मराठीत लिही. आकडा तेवढा खरा लिही." नागपंचमीला मी भीत भीत विचारलं, दूध ठेवू का. "दूध पचत नाही त्यांना. पाणी बदल, तीच पूजा."

मादी जोडीला सोडायची कधी, याबद्दल त्या फार कडक होत्या. तीन वर्षं पुरी हवीत. दीड किलो वजन हवं. पाठीचा कणा वर आलेला नको, पण शेपटीच्या मुळाशी चरबीही नको. आणि हे सगळं असूनही पोटात मणी लागले पाहिजेत. अंडी धरायच्या आधी आत जे गोळे वाढतात त्यांना त्या मणी म्हणायच्या. ओळखीचा कुणी फोनवर पिल्लांसाठी घाई करायला लागला की त्या विचारायच्या, "घाई कुणाला आहे, तिला की तुला?" आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवायच्या.

नवरा गेल्यावर मी दिरांच्या घरी राहत होते. तिथे पाण्याचा ग्लास घेतानासुद्धा कुणी बघत नाही ना, हे बघावं लागे. मला स्वतःची खोली हवी होती. डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून साडेआठशे पौंड. मी कुणाजवळ बोलले नव्हते, पण सिस्टरना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी पाकीट दिलं आणि म्हणाल्या, "ठकीची अंडी तुझी. पिल्लं विकली की दे." ठकी म्हणजे त्यांची सगळ्यांत धाकटी मादी. त्या सप्टेंबरात तिचं वजन होतं बाराशे ऐंशी ग्रॅम.

खोली मिळाली, पण त्या खोलीत मला स्वस्थ बसता येईना. जेवायला बसले की वाटे, हे ताट दुसऱ्याच्या पैशावर आहे. मंगळवारी गेले की कोट काढायच्या आधी ठकीचा डबा उघडायची. तिला तराजूवर ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. दहा-वीस ग्रॅम वाढून काय होणार? म्हणून मी तिला जास्त खायला घालायला लागले. दोन आठवड्यांतून एक उंदीर ठरलेला. मी आठवड्याला एक देत होते, फ्रीझरमधून काढून, कोमट पाण्यात ठेवून. कार्डावर मात्र एक सोडून एक लिहीत होते.

डिसेंबरात तराजूने पंधराशे दहा दाखवले. मी सिस्टरना हाक मारली. त्यांनी ठकीला घेतलं, डोळे मिटले, शेपटीच्या मुळाशी बोटं दाबली.

"कार्डावर एक लिहिलाय," त्या म्हणाल्या. "अंगात दोन आहेत."

मी कार्ड उलटं करून ठेवलं.

"हे वजन आहे गं, तयारी नाही. अशी सोडली तर अंडं आत अडकतं आणि मादी मरते. मी माणसांत पाहिलंय हे. मुलीला तूप-साखर घालून भरायचं, पदर आला की म्हणायचं झाली तयार. पुढे तिचं काय होतं ते आम्ही बघायचं."

"मलाही तसंच केलं होतं," मी म्हटलं. "पंधरावं संपायच्या आत. मूल राहिलं नाही."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सिस्टरनी ठकीला डब्यात ठेवलं, हात धुतले आणि खाली जाऊन चहा केला. त्या घरात मी पहिल्यांदा खुर्चीवर बसून चहा घेतला. कप ठेवताना त्या म्हणाल्या, "एक वर्ष थांबायचं. पैसे कुठे पळत नाहीत." मला वाटलं होतं, कामावरून काढतील.

ते वर्ष सरता सरेना. आणि त्याच वर्षी सिस्टरचे हात कापायला लागले. आधी चमचा वाजायचा, मग बटण लागेना. नोव्हेंबरात त्यांनी ठकीला माझ्या हातात दिलं. "माझ्या बोटांना आता कळत नाही. तू सांग."

मी डोळे मिटले. ठकी सरकत होती. हो म्हटलं असतं तर सिस्टरना तपासता येणार नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात पैसे फिटले असते. अंगठ्याखालून काहीतरी गेलं, बारीक, एकामागून एक.

"आहेत," मी म्हटलं. "पण मुगाएवढे. अजून नाही."

"नक्की?"

"नाही म्हणजे नाही, सिस्टर."

त्या हसल्या. "मला माझीच भाषा ऐकवतेस?"

जानेवारीच्या शेवटी मणी टपोऱ्या वाटाण्याएवढे झाले, तेव्हा मी तिच्या डब्यात नर सोडला. मार्चमध्ये समीर आईला ईलिंगला घेऊन गेला. त्याच्या फ्लॅटमध्ये साप ठेवायला परवानगी नव्हती. बाकीचे ओळखीच्यांकडे गेले, ठकी माझ्या खोलीत आली. निघताना सिस्टर गाडीत बसल्या, काच खाली केली आणि एवढंच म्हणाल्या, "थर्मोस्टॅट बघत जा." गाडी वळेपर्यंत मी हात हलवला नाही. हलवायला हवा होता.

एप्रिलमध्ये ठकीचं पोट मधोमध फुगलं. मी सिस्टरना फोन केला. "जेवल्यासारखं दिसतंय?" हो. "मग झालं, अंडी धरली. आता जेवणार नाही ती, आग्रह करू नकोस." पुढे सहा अंडी झाली. एकही अडकलं नाही. पिल्लं विकून अर्ध्याहून जरा जास्त पैसे आले, बाकीचे मी दोन घरची कामं वाढवून जमवले.

ईलिंगला मी एकटी गेले. ट्रेन बदलताना तीनदा पाकीट चाचपलं. सिस्टर खिडकीपाशी बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. मी पाकीट पुढे केलं.

समीर म्हणाला, "आई, लीव्ह इट ना. एवढी पैसे तिच्याकडून कशाला घेते?"

"तू गप्प बस," त्या म्हणाल्या. "ती आणून देतेय."

त्यांनी नोटा मांडीवर घेतल्या आणि मोजायला लागल्या. बोटं थरथरत होती, नोटा चिकटत होत्या. एक खाली पडली. समीर उचलायला वाकला, पण मी आधी उचलून त्यांच्या हातात दिली. मध्येच आकडा चुकला तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आम्ही दोघं उभे होतो. बराच वेळ लागला. शेवटची नोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साडेआठशे," त्या म्हणाल्या. "पुरे आहेत."