हयवदन खुर्ची ओढतो

आमच्या हयवदनला एकट्यानं काम करता येत नाही. ही काही त्याची निंदा नव्हे. जुन्या कंपनीत आम्ही अकरा वर्षं शेजारी बसलो. कुणाचा प्रोग्रॅम अडला की हा कॉफीचा पेला घेऊन खुर्ची ओढत यायचा आणि विचारायचा, "काल काय बदललंस?" निम्म्या वेळा एवढ्यावरच काम फत्ते. उरलेल्या वेळी तो आणखी दोघांना बोलवायचा.

ती कंपनी बंद पडली. मला बंगळुरातच इंदिरानगरला नोकरी लागली, कारण मी दोन महिने बसून मुलाखतीत विचारतात तसली दोनशे कोडी घोकली. तीन वर्षांत त्यातलं एकही कामाला आलेलं नाही. हयवदन दुसरीकडे लागला आणि यंदा कपातीत गेला. चार महिने घरी. सुप्रीतावहिनींच्या स्वयंपाकघरातले डबे त्यानं तीनदा नव्यानं लावले. चौथ्यांदा हात लावलात तर माहेरी जाईन, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी त्याचं नाव आमच्याकडे सुचवलं.

मुलाखत घेणार आमची टीम लीड निधी, पुण्याची. तिनं फळ्यावर कोडं लिहिलं: शहरं, रस्ते, सर्वांत जवळची वाट. वेळ पंचेचाळीस मिनिटं. हयवदननं आधी विचारलं, हे हवंय कुणाला? मग म्हणाला, आधी कुणी केलं असेल तर त्याला बोलवू या. शेवटी खुर्ची ओढून थेट तिच्या शेजारी, आणि आपल्या कानडीमिश्रित मराठीत: "स्वल्प सरका, अक्का. मिळून बघू."

निधीनं त्याला नाकारलं आणि शेरा मारला: 'इतरांवर अवलंबून राहतो.' असा संताप आला मला! पण बोललो काही नाही. भित्रा माणूस मी.

पुढच्या सोमवारी आमची सिस्टीम कोसळली. सहा जण सहा स्क्रीनकडे बघत गप्प. मी जिन्यात जाऊन हयवदनला फोन लावला, काही अडलं की तीन वर्षं लावतोय तसाच. त्याचं नेहमीचंच: काय बदललं, कुणी बदललं, त्याला विचारलंस का? आमच्यातल्याच क्षितिजनं शुक्रवारी एक सेटिंग बदललं होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"इतक्या लवकर कसं सापडलं तुम्हाला?" निधीनं विचारलं. या वेळी मात्र मला गप्प बसवेना. सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, "स्पीकरवर घ्या त्यांना."

"सर, रिअली सॉरी," फोन लागताच ती म्हणाली. "पण कंपनीचा रूल आहे, सहा महिने परत इंटरव्ह्यू घेता येत नाही."

"सरी, अक्का, ठीक आहे," हयवदन शांतपणे म्हणाला. "मग सहा महिने तुमच्याकडूनही फोन नको."