कुंकू लागलेल्या पाचरी

त्या बाईची आठवण आली की आजही माझी मान खाली जाते. पोलिसातली माणसं आठवणी लिहितात तेव्हा चोर कसा पकडला ते लिहितात. मी एका निर्दोष बाईला कशी अडकवली ते लिहिते आहे.

मी अधिकारी नव्हते. चौथी शिकलेली, नवरा लवकर गेलेला. मद्रासला एन्नोरच्या बाजूला एका ठाण्यात मेट्रन होते. आरोपी बाई असली की तिची झडती घ्यायची, तिच्याजवळ बसायचं, तिला बोलतं करायचं, हे माझं काम. साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही तंजावरकडचे, घरात मराठी आणि ठाण्यात तमिळ. तिथलं बोलणं मी इथं मराठीत लिहिते.

ठाण्यापासून दोन फर्लांगावर काचेचा कारखाना होता. दाराच्या उंचीचे जाड तक्ते तिथे कापून लॉरीत भरत. असा तक्ता आडवा ठेवत नाहीत, स्वतःच्याच वजनानं तडकतो. लाकडी घोड्याच्या दोन्ही अंगांना ते उभे, किंचित कलते टेकवून ठेवतात. दोन्हीकडे वजन सारखं लागतं. घोड्याच्या पायांखाली लाकडी पाचरी ठोकलेल्या असतात, म्हणजे तो हलत नाही. आणि काच पडायला लागली तर धरायची नाही, पळायचं. हे सगळं मला नंतर कळलं.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातून माणूस धावत आला. घोडा उलटला होता. लॉरी भरताना एका अंगाचे तक्ते काढले, घोडा दुसऱ्या अंगाला कलला, आणि एका कामगारानं हात पुढे करून तो धरायला बघितला. तो जागीच गेला.

इन्स्पेक्टरांनी पंचनामा केला. घोड्याखाली एकही पाचर नव्हती. दुपारी कारखान्याचा मेस्त्री, म्हणजे मुकादम, ठाण्यात आला आणि हळूच म्हणाला, "अय्या, झाडूवालीला बघा. रोज चुलीला लाकूड नेते ती."

झाडूवाली मेलेल्या कामगाराची सख्खी बहीण होती. दोघंच एका झोपडीत राहत. झोपडीची झडती मी घेतली. चुलीजवळ खोक्यांच्या फळ्यांचे तुकडे सापडले. पाचरी नव्हत्या.

"जाळल्या असतील," इन्स्पेक्टर म्हणाले. "अम्मा, तुम्ही विचारा तिला."

मी तिला मागच्या खोलीत घेऊन बसले.

"पाचरी कुठं आहेत?"

"देवीसमोर, अक्का."

"काय?"

"पूजेला मांडल्यात. मेस्त्रीनं सांगितलं, सगळी हत्यारं धू, पाचरीसुद्धा. मी धुतल्या, चंदन-कुंकू लावलं, मांडल्या. पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नसतो ना? सकाळी मालकानं घाई केली, लॉरी थांबलीय म्हणून. पूजेची खोली उघडून बघा."

"चोरीत देवीला ओढतेस?" मी म्हणाले. "जीभ झडेल. फळ्या नेत होतीस की नाही?"

"फळ्या नेल्या. फेकायच्याच होत्या त्या."

"फळ्या नेणारी पाचरी सोडते होय?"

माझी मान का खाली जाते, ते आता ऐका. त्याच्या आदल्याच दिवशी ठाण्यातल्या काठ्या, बेड्या, सायकली धुऊन आम्ही पूजेला मांडल्या होत्या. बेड्यांना कुंकू मीच लावलं होतं. ती सांगत होती ते खरं असू शकतं, हे त्या ठाण्यात माझ्याइतकं कोणाला कळायला हवं होतं? पण मनात तिला चोर ठरवून झालं होतं. इन्स्पेक्टर बाहेर वाट बघत होते, आणि मला त्यांची शाबासकी हवी होती.

ती दोन तास बधली नाही. मग मी शेवटचं हत्यार काढलं. तिच्या भावाचं प्रेत ठाण्याच्या मागच्याच इस्पितळात होतं, चिरफाड व्हायची होती, संध्याकाळी जाळणार होते.

"जाळल्या म्हण," मी म्हणाले, "म्हणजे सोडतील तुला. भावाचं तोंड बघायला मिळेल."

"खरंच सोडतील?"

"मी सांगते ना."

"मग जाळल्या, अक्का. लिहा. पण लवकर."

तिला कोणी सोडणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तिला मॅजिस्ट्रेटसमोर नेलं आणि तिथून तुरुंगात. जीपमध्ये ती माझ्याकडे बघत राहिली, मी रस्त्याकडे बघत राहिले. भावाला शेजाऱ्यांनी जाळलं.

आठव्या दिवशी काचांमध्ये घालायच्या काथ्याच्या गाद्या शिवणाऱ्या एका बाईची जबानी घ्यायला इन्स्पेक्टरांनी मला कारखान्यात सोबत नेलं. जबानी चालू असताना माझं लक्ष समोरच्या घोड्याखाली गेलं. पाचरी जागच्या जागी होत्या. मी खाली वाकले. लाकडाच्या रेषांत चंदन वाळलं होतं, वर कुंकवाचा ठिपका होता.

"मेस्त्री, ह्या पाचरी कधीच्या?"

"नव्या, अम्मा. तिनं जुन्या जाळल्या ना? परवा सुताराकडून करवून घेतल्या."

"परवाच्या लाकडाला आयुधपूजेचं कुंकू कोणी लावलं?"

इन्स्पेक्टरांनी पाचर हातात घेतली, बोट घासून बघितलं, आणि म्हणाले, "चल ठाण्यात." ठाण्यात सगळं बाहेर आलं. पाचरी पूजेत असतानाच त्यानं घोडा मोकळा करायला लावला होता. नोकरी जाईल म्हणून पोलीस येताच पूजेची खोली बंद केली, आणि मग बहिणीचं नाव घेतलं.

परत येताना इन्स्पेक्टरांनी विचारलं, "अम्मा, पूजेचं तिनं तुम्हाला काही सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

ठाण्यात पोचताच त्यांनी तिच्या सुटकेचा कागद लिहायला घेतला.

ती सुटली तेव्हा तिला आणायला मीच गेले. माफी मागितली नाही. तुरुंगाच्या दारातून बाहेर येऊन तिनं एवढंच विचारलं, "अक्का, त्याचं तोंड झाकलेलं होतं का? काचेनं फार कापलं होतं?"

"मी बघायला गेले नव्हते."

"इतक्या जवळ असून?" ती म्हणाली, आणि बसच्या दिशेनं चालायला लागली.

खरं काढायला कोणाला धमकावण्याची, भुलवण्याची गरज नसते, हे मी पुढे नव्या पोरींना सांगत असे. आधी उठायचं आणि जाऊन बघायचं. त्यांना वाटायचं, मेट्रनबाई कामाची युक्ती सांगतात. कारखाना दोन फर्लांगावर होता. चपला काढून एका खोलीत डोकावायचं, एवढंच त्या दिवशी माझं काम होतं.