पानं होती तेव्हा

मानकोलीच्या गोदामात मी माल काढते. हातातल्या मशीनवर यादी येते, ती वाचत रॅकमधल्या वस्तू ट्रॉलीत टाकायच्या. पूर्वी ही यादी पानापानाने यायची. एक पान झालं की 'पुढे' दाबायचं. दाबायच्या आधी घोटभर पाणी प्यायचं, कंबर सरळ करायची, हा आम्हा बायकांचा अलिखित कायदा. शेलार गावची एक मावशी माझ्या शेजारच्या ओळीत होती. "पान झाला गं माजा," ती ओरडायची आणि आम्ही रॅकच्या आडोशाला टेकायचो.

मग एकदा सुपरवायझरने सगळ्यांना गोळा करून विचारलं, पानं हवीत की मोबाईलसारखं सरकवत जायचं? आम्ही अकलेचे कांदे! घरी रील्स सरकवतो तसंच की, म्हणत हसत हात वर केले. मावशीनेही केला, माझ्याकडे बघून.

त्या दिवसापासून यादीला शेवटच उरला नाही. आपण वरून काढत जायचं, खालून नव्या ऑर्डरी चिकटत जायच्या. मग पाणी प्यायचं कधी? मावशीची तर पार त्रेधातिरपीट उडाली. घामेजलं बोट जरा घसरलं की यादी कुठल्या कुठे पळायची. पानं होती तेव्हा तिला बरोबर आठवायचं, तिसरं पान, मधोमध. आता एखादी वस्तू ती दोनदा काढायची, एखादी राहून जायची. "पोरी, या यादीला तल न्हाय गं," ती रडवेली होऊन म्हणाली. तिची प्रत्येक चूक वर ऑफिसात दिसत होती. तिची नोकरी जाणार हे मला कळत होतं.

ऑफिसचा सिस्टीमवाला आला तेव्हा मी त्याला गाठलं. म्हटलं, "साहेब, मावशीपुरती तरी पानं परत द्या."

"देता येतील की, एका बटणाचं काम आहे," तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. "पण पान संपलं की तुम्ही लोक थांबता ना."

अगदी सहज म्हणाला, चहा पीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायचं तरी कुणाशी? ते बटण दाबायचं की नाही, हे ठरवणं त्याच्याही हातात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मावशीला ड्युटीवर येऊ नको म्हणून सांगितलं. तिच्या जागी कोण येतंय याची मी वाट बघत राहिले. कोणीच आलं नाही. तिच्या ओळीचा सगळा माल माझ्याच यादीत खाली जोडला होता.