तीन सशांचा अहवाल आणि निमकर बाई

डॉ. शैलजा निमकर यांची माझी पहिली भेट वागळे इस्टेटमधल्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात, नोकरीच्या मुलाखतीत झाली. बाई तिथल्या सुरक्षा-चाचणी विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शाम्पूच्या चाचणीला ससाच का घेतात?"

"त्याच्या डोळ्यांत पाणी कमी येतं, मॅडम. घातलेला थेंब धुऊन जात नाही," मी झटकन सांगितलं.

"बरोबर. पण सांगताना तुम्ही हसलात, म्हात्रे. ते नको."

नोकरी मिळाली. तेव्हा इतरत्र चालायचं तेच आमच्याकडेही चालायचं. सशाला मान तेवढी बाहेर ठेवून खोक्यात अडकवायचं, एका डोळ्यात नमुना घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा आणि पुढचे काही दिवस लाली, सूज, बुबुळावर येणारा पांढरेपणा यांना गुण द्यायचे. बाईंनीही हे अनेक वर्षं केलं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. नव्या माणसाला विभाग दाखवताना त्या म्हणत, "हे माझ्या हातांनी झालंय. वरून हुकूम होता, असं मी म्हणणार नाही."

दुसरी वाट शोधायलाही त्यांनीच घेतली. टिटवाळ्याकडच्या एका उबवणी केंद्रातून त्या फलित अंडी आणवत. कवचाखालच्या पातळ पडद्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यावर दाहक पदार्थाचा थेंब पडला, की काही मिनिटांतच रक्त पसरताना दिसतं. जुने अहवाल काढून बाईंनी एकेक पदार्थ या रीतीने पडताळून पाहिला. कारखान्यात त्यांच्या माघारी त्यांना 'ऑम्लेट मॅडम' म्हणत. मीही म्हटलं आहे.

एकदा नवं फेसवॉश चाचणीला आलं. पडद्यावर थेंब टाकताच रक्त पसरलं. बाईंनी स्पष्ट लिहिलं: डोळ्यांना घातक, घटक बदलावेत. व्यवस्थापनाला ते पटलं नाही. बाई सशांवर पुन्हा चाचणी करायला तयार नव्हत्या. मग त्या चार दिवस रजेवर असताना मला वर बोलावून घेतलं. "अंड्यावरून काय कळतं? तुम्ही सशांवर करून टाका, म्हात्रे. बाईंना कशाला सांगायचं?"

मी नाही म्हणू शकलो असतो. नोकरी गेली नसती. फार तर बढती लांबली असती.

मी तीन ससे घेतले. दुसऱ्या दिवशी तिघांच्याही नमुना घातलेल्या डोळ्यावर पांढरी साय चढली होती. बाईंनी लिहिलं होतं, नेमकं तेच झालं होतं.

रजेवरून आल्यावर त्यांनी अहवाल उभ्यानेच वाचला. आवाज चढवला नाही. "आता खात्री पटली तुमची?" एवढंच विचारलं आणि सशांच्या खोलीत गेल्या. तिन्ही ससे एकेक करून मांडीवर घेऊन त्यांनी त्यांचे डोळे स्वतः धुतले. मी दारात उभा होतो. त्यांनी मला आत बोलावलं नाही.

पुढच्या महिन्यात प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने विचारलं, "निकाल हाती असताना ससे का वापरले?" मी बाईंच्या शेजारच्याच खुर्चीत होतो. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "विभाग माझा आहे. जबाबदारी माझी." मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत गप्प बसलो. त्या वर्षी बाईंची बढती अडवली गेली. दोन वर्षांनी त्या राजीनामा देऊन गेल्या आणि त्यांची खुर्ची मला मिळाली.

पुढे प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला कायद्याने बंदी आली. पेढे घेऊन मी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, पेढ्यांचा पुडा मात्र उघडला नाही. "बंदी आली हे फार चांगलं झालं. पण पेढे कसले, म्हात्रे? आपल्याला थांबवावं लागलं. आपण होऊन थांबलो नाही."

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बाईंच्या आपुलकीविषयी लिहायला सांगितलं होतं. माझ्यापाशी त्यांच्या आपुलकीची आठवण आहे ती हीच, तीन सशांची, आणि ती मी आजवर कुणाला, घरीसुद्धा, सांगितली नव्हती. छापायला देण्याआधी लेख त्यांना वाचून दाखवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"तुमचे तीनच ससे लिहिलेत. माझे कितीतरी होते. तेही येऊ द्या," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि बाईंनी मला माफ केलं, असं काही लिहू नका. डोळे माझे गेले नव्हते."

म्हणून तसं लिहीत नाही.

आज पंचाहत्तराव्या वर्षीही बाई आठवड्यातून दोनदा कल्याणच्या एका महाविद्यालयात जातात आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या पेशींवर चाचणी कशी करायची, ते मुलामुलींना शिकवतात. त्यांची प्रकृती उत्तम राहो, त्यांना उदंड आयुष्य लाभो आणि हा वर्ग अजून खूप वर्षं चालो. त्यातून शिकून बाहेर पडणाऱ्या कुणावरही आपल्या शिक्षकांच्या गौरवग्रंथात असा लेख लिहिण्याची वेळ न येवो.