दादाचा वारा, परबांचं डिझेल

मुलुंडहून बोरिवलीला जायला बरे मार्ग पुष्कळ आहेत. मी ठाण्याला जाऊन घोडबंदरची एस.टी. पकडली. ती डोंगराला वळसा घालत रमतगमत जाते, आणि मला पोचायची घाई नव्हती. दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, वर्षश्राद्ध होतं. मांडीवर बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली होती.

"काय जपताय एवढं?" शेजारच्या आजींनी विचारलं.

"पाणी. भावाच्या श्राद्धाला नेतोय."

आजींनी बाटलीला बोटं लावून कपाळाला लावली. "काशीचं?"

"ठाण्याचं. गॅरेजातलं."

त्यांनी पुढचा सगळा प्रवास खिडकीबाहेर पाहत केला.

गायमुखाला खाडी दिसली. तिवरांचं एक पान हलत नव्हतं. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी ताटात वाढल्यासारखं पडून होतं. एरवी मी या देखाव्यावर खूश झालो असतो, पण त्या दिवशी मला वारा हवा होता.

बोरिवलीला गोराईच्या नव्या वसाहतीत दादाने दोन खोल्या बांधल्या तेव्हा तिथे विजेचे खांब होते, तारा नव्हत्या. त्याने गच्चीवर लोखंडी पाइप उभा केला आणि वर पत्र्याची पाती व ट्रकचा जुना डायनामो बसवला. खाडीवरून वारा सुटला की बॅटरी भरायची आणि घरात मोटारीचे दोन दिवे लागायचे. तो गेल्यावर तिकडे कुणी पाहिलं नाही, बॅटरीतलं पाणीही आटलं. आता तारा येणार होत्या. वहिनीचा निरोप होता: श्राद्धाच्या दिवशी दिवेलागणीला फोटोपुढचा दिवा पवनचक्कीवर लागला तर ती गच्चीवर राहील, नाहीतर सकाळी भंगारवाला येईल. दादाने स्वतःच्या हातांनी केलेली तेवढीच वस्तू उरली होती. ती जाऊ नये म्हणून मी पाणी घेऊन निघालो होतो.

दारातच शेजारचे परब भेटले. मालवणकडचे, पूर्वी कापडगिरणीत कामाला. आता त्यांची डिझेल इंजिनावर चालणारी पिठाची चक्की आहे.

"इलात, मास्तर?" ते म्हणाले. मी मास्तर नाही, ग्रंथपाल आहे. "पाणी हाडलात, बरा झाला. वारो खंय आसा?" (आणलंत, बरं झालं. वारा कुठे आहे?)

हा वाद दादाचा आणि त्यांचा. दादा म्हणायचा, "परब, तुझं डिझेल धूर करतं आणि एक दिवस जमिनीतून संपणार. वारा फुकट, न संपणारा." परब म्हणायचे, "संपणारो नाय, पण इलो तर पायजे! माझा इंजिन हँडल मारलंय की हजर." गंमत म्हणजे परबांच्या इंजिनाला, चक्कीत दिवा लागावा म्हणून, दादानेच एक डायनामो जोडून दिला होता.

मी बाटली फोटोजवळ ठेवली आणि पाती पुसायला गच्चीवर गेलो. खाली आलो तर बाटली रिकामी. दर्भ, तीळ यांच्या शेजारी ठेवलेलं पाणी साधं कसं असेल, म्हणून परबकाकूंनी ते घरभर शिंपडलं होतं. उरलेलं परबांच्या इंजिनावर.

"त्येका पण पुण्य लागांदेत," काकू म्हणाल्या.

ब्राह्मण जेवले, आम्ही जेवलो. वडे, खीर, आमसुलाची चटणी, आणि काकूंनी खास आणलेलं काळ्या वाटाण्याचं सांबार. मी तिसरा वडा घेतला; दुःखाने माझी भूक कधी गेलेली नाही. पण लक्ष सगळं वर होतं. बॅटरी कोरडीच होती. आता संध्याकाळी थेट वारा आला तरच दिवा लागणार होता.

दिवेलागण झाली. वहिनी फोटोपुढे उभी राहिली आणि तिने बटण दाबलं. काही नाही. तिने पुन्हा दाबलं नाही.

तेवढ्यात दिवा लुकलुकला आणि लागला.

वहिनीने दाराबाहेर येऊन वर पाहिलं. पाती जागच्या जागी होती. पलीकडे श्राद्धासाठी दिवसभर बंद ठेवलेल्या चक्कीतून इंजिनाची धडधड येत होती. कुंपणावरून एक वायर आमच्या खिडकीत शिरली होती आणि तिच्यामागे परब हात पुसत उभे होते.

"परब," वहिनी म्हणाली, "पाती तर फिरत नाहीत."

"आतसून फिरतत, वयनीनू."

वर्षभरात मी वहिनीला हसताना पाहिलं नव्हतं. तिने पदर तोंडाला लावला, तरी हसू थांबेना.

"वर्षभर भांडायला कुणी नाय," परब हळूच म्हणाले. "ती पण काढलास तर मिया कोणाक नावां ठेवू?" (ती पवनचक्कीही काढलीत तर मी कुणाला नावं ठेवू?)

"भाऊजी," वहिनी माझ्याकडे वळली, "सकाळी भंगारवाला आला तर सांगा, आमच्याकडे काही नाही."

दुसऱ्या दिवशी परतताना मी पुन्हा घोडबंदरचीच एस.टी. पकडली. मुलुंडला माझ्या घरी बटण दाबलं की दिवा लागतो. मागे कोळसा जळतो की घाटातलं पाणी कोसळतं, हे माझ्या कधी मनातही येत नाही. दादाच्या मनात यायचं. पाणी, वारा, ऊन पुन्हा येतात. कोळसा, डिझेल एकदाच. दादा माणूस वाऱ्याच्या बाजूचा, पण निघाला दुसऱ्या यादीतला.

गायमुखाला खाडीवरून असा वारा सुटला की सगळ्यांनी खिडक्या लावल्या. कंडक्टर ओरडला, "ओ साहेब, तुमची पण लावा!"

"राहू द्या हो जरा," मी म्हणालो. "काल याची फार वाट पाहिली."