आक्कांच्या कार्डावरची पट्टी

परवा तुमच्या आईनं फोनवर सांगितलं, की तुम्हा दोघांचे ओळखपत्रासाठी पाठवलेले फोटो तीनदा परत आले. एकदा कानावर केस होते, एकदा मागच्या भिंतीवर सावली पडली होती आणि एकदा धाकट्याला हसू आवरलं नव्हतं. मागून तुमच्यापैकी कुणीतरी ओरडलं, "आजी इथं असती तर पहिल्याच वेळी पास झाले असते." सगळे हसलात, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला काही सुचेना. घरातली कागदपत्रं, तारखा, फायली यांत माझ्याकडून चूक होत नाही असं तुम्ही सगळे मानता. एका फोटोच्या बाबतीत मी काय केलं ते तुम्हाला माहीत नाही. ते लिहून ठेवते.

हे तुमच्या थोरल्या आजीबद्दल आहे, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. तुम्ही वडूजजवळच्या आपल्या गावी आलात की ताकाचा तांब्या घेऊन दारात उभ्या असतात त्याच. त्यांचं डोकं उघडं असलेलं तुम्ही कधी पाहिलं नसेल. मीही लग्नानंतर जवळजवळ चाळीस वर्षं पाहिलं नव्हतं.

मी सांगलीची. वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, पुढं मी बी.ए. झाले आणि लग्न होऊन या शेतकरी घरात आले. घरातले थोरले, म्हणजे आक्कांचे यजमान, तेव्हा पलटणीत होते. तुमच्या आजोबांची नोकरी साताऱ्यात होती, पण पहिलं वर्ष मी गावीच काढलं. माझ्या माहेरी डोक्यावर पदर घेण्याची पद्धत नव्हती. इथं मी घ्यायची, पण तो काही केल्या टिकायचा नाही. एकदा सोप्यावर सासऱ्यांकडे पाहुणे बसले होते आणि मी चहाचा ट्रे घेऊन गेले. दोन्ही हात अडकलेले, पदर घसरला. आक्का मागून आल्या, पदर ओढून माझ्या डोक्यावर घेतला आणि स्वतःच्या केसांतला आकडा काढून पदरासकट माझ्या केसांत खुपसला. कातडीला लागला. "सांगलीत डोस्की उघडी टाकून हिंडत्यात व्हय गं?" आतल्या दारात उभ्या असलेल्या बायका हसल्या. पाहुण्यांपैकी एकजण खाली बघून हसला. मी ट्रे ठेवला आणि आत गेले.

एवढंच झालं. मारलं नाही, शिवी दिली नाही. उलट याच आक्कांनी माझ्या जाड, करपलेल्या भाकऱ्या आपल्या म्हणून सासूबाईंना दाखवल्या होत्या. मी बी.एड.ची परीक्षा दिली तेव्हा तुमच्या बाबांना दीड महिना सांभाळलं, उन्हातून शेतावर नेताना त्यांना स्वतःच्या पदराखाली धरलं. हे सगळं मला आठवत होतं. तरी तो आकडा मी विसरले नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी गावात आधार कार्डाचं शिबिर लागलं. मी दिवाळीला गेले होते. शाळेच्या एका वर्गात पांढरी चादर टांगली होती, तिच्यासमोर स्टूल, कॅमेरा, लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र. रांग व्हरांड्यातून मैदानापर्यंत गेलेली. फोटो काढणारा माणूस बाहेरगावचा होता, सकाळपासून बोलून त्याचा घसा बसला होता. मी शिक्षिका होते हे कळल्यावर त्यानं मला एक छापील इंग्रजी कागद दिला. "मॅडम, एवढं लोकांना समजावून सांगा. मला चहा पिऊ दे."

मला असलं काम आवडतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मी कागद दोनदा वाचला. मान सरळ, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर सावली नको, डोकं झाकलेलं नको. त्याच्याच खाली लिहिलं होतं, की धर्माप्रमाणे किंवा रिवाजाप्रमाणे डोक्यावर फेटा, पदर असेल तर चालेल, चेहरा पूर्ण दिसला म्हणजे झालं. हे मी वाचलं होतं. चष्मा लावून, नीट वाचलं होतं. पुढं जे लिहिते आहे ते वाचताना हे लक्षात ठेवा.

आक्कांचा नंबर आला. त्या स्टुलावर बसल्या. तो माणूस म्हणाला, "आजी, पदर जरासा मागं घ्या, कपाळ दिसू दे."

त्यांनी बोटभर मागं घेतला.

मी म्हणाले, "जरासा नाही. पूर्ण खाली घ्यावा लागेल. नियम आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "चालतंय मॅडम एवढं."

"नंतर रद्द झालं म्हणजे? पुन्हा कोण येणार?" मी त्याच्यासमोर कागद धरला, बोट वरच्या ओळीवर ठेवून. त्यानं पुढं वाचलं नाही. त्याला घाई होती.

आक्का हळूच म्हणाल्या, "अगं, भावकीतली समदी माणसं हुबी हायती."

"आक्का, सरकारी काम आहे," मी म्हणाले आणि माझ्या हातानं त्यांचा पदर खाली ओढला.

केस विरळ झाले होते. भांगाजवळ टाळू दिसत होती, मागं काळ्या दोऱ्यानं बांधलेला सुपारीएवढा अंबाडा. दारात त्यांचे दीर होते, पुतणे होते. एका पुतण्यानं मान वळवून मैदानाकडे तोंड केलं. "आजी, इकडं बघा, तोंड मिटा," फोटोवाला म्हणाला. फोटो निघाला, बोटांचे ठसे झाले. आक्का उठल्या, पदर घेतला, कपाळाच्या खालपर्यंत घेतला, आणि माझ्या शेजारून निघून गेल्या.

त्यांच्या मागं खालच्या आळीतली एक म्हातारी होती. तिच्या पदराला मी हात लावला नाही. तिच्या मागच्यांच्याही नाही. रांग मोठी आहे, आता उगाच वेळ नको, असं मी स्वतःला सांगितलं. जेवायच्या वेळेला कागद मी फोटोवाल्याला परत दिला.

पुढची दहा-अकरा वर्षं आमच्यात काही बिघडलं नाही. आक्का पूर्वीसारख्याच वागल्या. शेंगा पाठवल्या, हुरडा पाठवला. मी तो प्रसंग मनात मागं ढकलला आणि तो तिथं राहिलाही.

दोन वर्षांपूर्वी आक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तपासणीला साताऱ्याला न्यायला मी गावी गेले आणि वडूजहून आम्ही एस.टी.नं निघालो. तुम्हाला माहीत नसेल, आता बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढं कार्ड दाखवलं की प्रवास फुकट. आक्कांना तेव्हा सत्त्याहत्तरावं चालू होतं. कंडक्टर म्हणाला, "आजी, कार्ड दावा आन् निवांत बसा."

"मला पंच्याहत्तर झाली न्हाईत अजून."

"मग दात कुठं गेलं वं?"

"तू तिकीट फाड बाबा, दात मोजू नगंस."

आजूबाजूचे हसले. आक्कांनी कमरेच्या पिशवीतून पैसे काढून अर्धं तिकीट घेतलं. मला वाटलं, कार्ड घरी विसरल्या असतील आणि सांगायला लाजल्या असतील. मी म्हणालेसुद्धा, "तरी मी निघताना विचारलं होतं." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दवाखान्यात खिडकीवरच्या मुलानं कार्ड मागितलं. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. म्हणजे ते जवळच होतं. मुलानं ते उलटसुलट केलं. "आजी, कार्डाला पट्टी का लावलीय? काय लागलंय काय कार्डाला?"

मी वाकून पाहिलं. जखमेवर लावतात तसल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फोटोवर लावला होता. चेहरा मोकळा होता. पट्टी फक्त केसांवर होती, कात्रीनं गोल कापून कपाळाच्या कडेनं बसवलेली, दोन्ही बाजूंनी कानांवरून खाली आणलेली. आक्कांनी स्वतःच्या फोटोला पदर घातला होता.

"काढावी लागेल," मुलगा म्हणाला आणि नखानं कोपरा उचकटू लागला.

"राहू दे," मी म्हणाले. "चेहरा दिसतोय ना पूर्ण? मग चालतं."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला तो छापील कागद आठवला. अकरा वर्षांपूर्वी मी एवढंच म्हणायला हवं होतं. मुलानं खांदे उडवले आणि नंबर लिहून घेतला.

डोळ्यांत थेंब घातल्यावर तासभर डोळे मिटून बसायला सांगतात. बाकावर आक्का तशा बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. त्या बघत नव्हत्या म्हणूनच माझं धाडस झालं.

"आक्का, त्या शिबिरात मी तुमचा पदर काढायला लावला. त्या कागदावर पदर चालतो असं लिहिलं होतं. मी वाचलं होतं."

"मला ठाव हाय."

"कसं?"

"माज्या मागं खालच्या आळीची म्हातारी हुती. तिचा फोटू पदरासकट काडला. म्या दारातनं बघितलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू कागद घिऊन हुबी हुतीस." डोळे मिटलेलेच होते. गालावरून थेंबाचं पाणी ओघळलं, ते त्यांनी पदरानं टिपलं. "तवा वाटलं, हिनं लय वरसं जपून ठिवलंय. त्या पावण्यांच्या चाच्या टायमाचं. व्हय न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

"आकडा बी माजाच हुता. त्यो न्हाई परत दिलास."

त्या हसल्या नाहीत, मीही हसले नाही. पुढच्या बाकावरच्या बाईला आत बोलावलं, आम्ही एक जागा पुढं सरकलो. मी म्हणाले, फोटो बदलता येतो, साताऱ्यातच होतं ते काम, शस्त्रक्रिया झाली की जाऊ. त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली.

महिन्यानं डोळा बरा झाल्यावर त्यांनीच निरोप पाठवला, की येते. मी फाईल तयार केली. अर्ज भरला, झेरॉक्स काढल्या, सगळं क्रमानं लावलं. निघताना मी त्यांच्यासाठी टाचण्याही घेतल्या, पदर बसवायला. आक्का हिरवं काठाचं लुगडं नेसून आल्या होत्या. केंद्रात आमचा नंबर पुकारल्यावर मी फाईल घेऊन उठले.

"तू भाईर थांब," आक्का म्हणाल्या.

"अर्ज इंग्रजीत आहे, त्यांनी काही विचारलं तर..."

"इचारू द्यात. मला तोंड हाय."

त्यांनी माझ्या हातातून फाईल घेतली आणि आत गेल्या. मी बाहेरच्या खुर्चीवर बसले, हातात टाचण्यांची पुडी. काचेवर कागद चिकटवले होते, आतलं काही दिसत नव्हतं. एकदा आतल्या मुलीचा आवाज आला, "आजी, असंच छान दिसतंय, राहू द्या." आक्का काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. बाहेर येऊन त्यांनी फाईल माझ्याकडे दिली. कागदांचा क्रम बिघडला होता. मी तो तिथं बसून लावला नाही.

नवं कार्ड पोस्टानं गावी गेलं. त्यांनी मला दाखवलं नाही. मी दोनदा गावी जाऊन आले, विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. त्यांच्या सूनबाईकडे चौकशी करावी असंही मनात आलं, तेही केलं नाही. मागायचा हक्क मी शाळेतल्या त्या वर्गातच घालवला होता.

गेल्या दिवाळीत त्या साताऱ्याला आमच्याकडे चार दिवस राहिल्या. पोचवायला मी वडूजच्या गाडीत त्यांच्याबरोबर बसले. त्या खिडकीशी, मी त्यांच्या शेजारी. कंडक्टर आला आणि त्यांचं वय बघून म्हणाला, "आजी, कार्ड?"

आक्कांनी कमरेची पिशवी उघडली. कार्ड काढलं, पालथं केलं आणि माझ्या हातात दिलं. "त्यास्नी दे."

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. हातात आलेला कुठलाही कागद मी वाचल्याशिवाय पुढं देत नाही. ते कार्ड मी पालथंच धरलं आणि पालथंच कंडक्टरकडे दिलं. त्यानं उलटून पाहिलं, मग आक्कांकडे पाहिलं, मान हलवली आणि फुकटचं तिकीट काढून कार्डाबरोबर परत दिलं. मी दोन्ही तसंच आक्कांच्या हातात ठेवलं आणि पर्समधून माझ्या तिकिटाचे पैसे काढू लागले.