गाठ माझी, बोलणी दुसऱ्यांची

"कॅन्सर आहे. स्तन पूर्ण काढावा लागेल," असं सर्जन माझ्या मोठ्या दिरांना, आबांना, म्हणाले. मी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसले होते. आबांनी विचारलं, "कधी करता मग?" डॉक्टर म्हणाले, "सोमवारी."

झाला सौदा. गुरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या म्हशीला काही कळत नाही. तशी मी बसले होते.

"आबा, गाठ मला आलीय," एवढंच म्हणाले, रिपोर्ट उचलला आणि बाहेर पडले. तो राग अजून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

पडेगावला माझा गोठा आहे. माझे मालक वारले तेव्हा एकच म्हैस होती. बाकीच्या मी स्वतः बाजारात बोटं दाबून आणल्या. म्हणून गाठ हाताला लागली तेव्हा मी म्हशीच्या हिशेबानं विचार केला. म्हशीला दगडी झाली की कास सुजते, तापते, जनावर हात लावू देत नाही. माझी गाठ कडक होती, पण दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं धरून मी हळदीचा लेप लावत बसले.

बायांनो, न दुखणारी गाठसुद्धा दाखवायची. बहुतेक गाठी साध्याच निघतात. काही फायब्रोअ‍ॅडेनोमाच्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, काही पाण्याच्या. पण ते तपासणीनं ठरतं, आपल्या बोटांनी नाही.

दुसऱ्या रुग्णालयात रिपोर्ट दाखवला. आबा सोबत आलेच. तिथल्या सर्जन मॅडम कन्नड तालुक्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. आबा बोलायला लागले तसं त्यांनी मला विचारलं, "मावशी, ह्यांना आत बसवायचं का बाहेर?"

"बसू द्या. पण ऐकायला," मी म्हणाले.

मॅडमनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, माझ्यापुढं धरून गाठ दाखवली. बायोप्सीत सुईनं काढलेल्या तुकड्यात काय सापडलं ते सांगितलं. मग म्हणाल्या, "पूर्ण स्तन काढणं, म्हणजे मॅस्टेक्टॉमी, हा बरोबर उपचार आहे. काही जणींना तोच लागतो. तुमची गाठ लहान आहे, एकच आहे. म्हणून लम्पेक्टॉमीही होईल. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढायचा, स्तन ठेवायचा. पण मग रेडिएशन घ्यावं लागेल, मशीनचा शेक. जगण्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखे."

हे पहिल्या ठिकाणी कुणी सांगितलं नव्हतं.

मी घासाघीस सुरू केली. "गाठ काढा. शेक राहू द्या."

"नाय जमायचं."

"अर्धा तरी कमी करा. रोज यायचं म्हणजे गोठा कोण बघणार?"

"मावशी, म्हशीचं अर्धं दूध कासेत ठेवून उठता का तुम्ही?"

दूध कासेत राहिलं की दगडी होते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. बाजारात एवढ्या वर्षांत मला कुणी असं एका वाक्यात बसवलं नव्हतं.

मग त्याच म्हणाल्या, "वेळ मागा. ती देता येते." त्यांनी समोरच फोन लावून मला दुपारची वेळ मिळवून दिली, दोन धारांच्या मधली. कुठं सोडायचं आणि कुठं तसूभर हलायचं नाही, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. तिथं मी तिला मानलं.

ऑपरेशनपेक्षा नंतरचा रिपोर्ट जड गेला. काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर उरला तर पुन्हा कापावं लागतं. मॅडम वॉर्डात आल्या, माझ्याच खाटेपाशी थांबल्या आणि मलाच म्हणाल्या, "कडा स्वच्छ आहेत." आबा मागं उभे होते. त्यांनी मान खाली घालून डोळे पुसले.

शेकानं कातडी काळवंडली, थकवा लई आला. त्या दिवसांत संध्याकाळच्या धारा आबांनी काढल्या. त्यांच्यावरचा राग आता थोडा सैल केलाय, सगळा नाही.

परवा तपासणीला गेले तर बाकावर वैजापूरचं एक जोडपं होतं. बाईला काय होतंय ते नवराच सगळ्यांना सांगत होता. आतून नाव पुकारलं तसा तो आधी उठला. मी त्याला म्हणाले, "दादा, जा बरोबर. पण तिला बोलू द्या."

बाईनं माझ्याकडं पाहिलं, पदर सावरला आणि त्याच्या पुढं होऊन आत गेली.